मॅडिसनमधल्या लेकाला काय सांगू?

ताई,
आम्ही मूळचे सांगलीचे, आता बरीच वर्षं जॉर्जियात, अटलांटाजवळ आल्फारेटाला राहतो. मी आणि मिस्टर दोघंही अमेरिकेचे नागरिक आहोत. मुलगा वीस वर्षांचा आहे, विस्कॉन्सिनला मॅडिसनच्या विद्यापीठात पर्यावरण शिकतो. २०१९ च्या पुरात सांगलीच्या घरात शिरलेलं पाणी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलं, आणि तेव्हापासून हवामानबदल हा त्याचा ध्यास आहे. शाळेत असताना मोर्चे, फलक, सगळं केलं. आता म्हणतो, मी मत देणार नाही.

परवा फोनवर चांगलंच वाजलं. म्हणाला, “सुप्रीम कोर्टात नऊ माणसं तहहयात बसलीत. त्यांना मी निवडलं नाही, काढूही शकत नाही. ओरेगॉनच्या मुलांनी दहा वर्षं खटला चालवला, काय मिळालं? एक कायदा झाला, तोही तीन वर्षांत मोडला. मग रांगेत उभा राहून काय करू?” मी म्हटलं, मतदान पवित्र कर्तव्य आहे. तर हसला आणि म्हणाला, “आई, २०२५ च्या नोव्हेंबरात तू कुणाला मत दिलंस?” ताई, त्या वर्षी इथे निवडणूक होती हेच मला ठाऊक नव्हतं.

मिस्टर म्हणतात सोडून दे, मोठा झाला की कळेल. सांगलीला सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, पण एकही मतदान चुकवत नाहीत. याला कसं समजावू? आणि जाऊबाईंकडे ग्रीन कार्ड आहे, त्या विचारतात मीही नाव घालू का?
– एक आई, आल्फारेटा

*

तुमचा मुलगा फोनवर जे बोलला त्यातलं बरंचसं खरं आहे. म्हणून ‘असं नसतं रे’ म्हणत त्याला गप्प करायच्या भानगडीत पडू नका. नऊ न्यायाधीश तहहयात असतात, बरोबर. ओरेगॉनमध्ये २१ मुलामुलींनी २०१५ साली केंद्र सरकारवर दावा लावला, २०२० मध्ये अपील कोर्टाने तो दोन विरुद्ध एक मताने निकालात काढला आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलेलं दारही लावून घेतलं. हवामानाचा मोठा कायदा ऑगस्ट २०२२ मध्ये झाला, जुलै २०२५ मध्ये त्याचे लचके तोडले गेले. पोरगा अभ्यास करून निराश झालाय. अशा माणसाला ‘पवित्र कर्तव्य’ ऐकवून भागत नाही, हिशेब मांडून दाखवावा लागतो.

ओरेगॉनच्या खटल्यापासूनच सुरू करा. त्या निकालातली एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली असावी. न्यायाधीशांनी मुलांचं म्हणणं खोटं ठरवलंच नव्हतं. हवामान बिघडतंय, सरकारच्या धोरणांनी त्यात भर घातलीय, हे सगळं मान्य केलं, आणि मग नाइलाजाने म्हणाले की यावरचा उपाय आमच्या हातात नाही, हे गाऱ्हाणं लोकप्रतिनिधींपुढे नाहीतर मतदारांपुढे न्या. ज्या खटल्याचा दाखला देऊन तो मतदान सोडतोय, त्या खटल्यात कोर्टानेच सगळ्यांना मतपेटीकडे पाठवलंय. (कडवट विनोद असा की दावा लावला तेव्हा त्यातल्या बहुतेकांचं मतदानाचं वयच झालं नव्हतं.)

आता दुसऱ्या मुलांची गोष्ट. ही मात्र त्याला सावकाश सांगा.

माँटाना हे कोळशाचं राज्य. त्याआधी तिथे तांब्याच्या खाणीवाल्यांचं राज्य होतं. वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत सगळं त्यांच्या खिशात. १९७२ साली तिथल्या लोकांनी राज्याची नवी राज्यघटना लिहिली आणि जून महिन्यात ती मतदानाला टाकली. बाजूने सुमारे १ लाख १६ हजार मतं, विरोधात सुमारे १ लाख १४ हजार. जेमतेम अडीच हजारांच्या फरकाने घटना मंजूर झाली. तिच्यात आजच्या आणि पुढच्या पिढ्यांना स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला होता. तेव्हा कार्बन डायऑक्साइडबद्दल त्या मतदारांच्या मनात काही नव्हतं. त्यांना खाणींनी नासवलेलं पाणी आणि धूर दिसत होता.

पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये, त्या राज्यातल्या १६ मुलांनी सरकारवर दावा लावला. सगळ्यात लहान दोन वर्षांचं होतं. राज्याचा कायदा असा होता की प्रकल्पांना परवानगी देताना हरितवायूंचा विचार खात्यांनी करायचाच नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात हेलेना शहरात सुनावणी झाली. नद्या आटल्या, वणव्याच्या धुराने दमा वाढला, हे मुलांनी साक्षीला उभं राहून सांगितलं. ऑगस्टमध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सहा विरुद्ध एक मताने कायम केला. त्या कोर्टातले न्यायाधीशही मतांवर निवडून येतात. ओरेगॉनच्या मुलांकडे देशाची घटना होती, तिच्यात पर्यावरणाचा शब्द नाही. माँटानाच्या मुलांकडे आजी-आजोबांनी अडीच हजार मतांनी वाचवलेलं एक वाक्य होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काही कोळशाच्या खाणी बंद झाल्या नाहीत, हेही त्याला सांगून टाका, नाहीतर तोच तुम्हाला सांगेल.

राहिली ती नऊ माणसं. ती थेट निवडली जात नाहीत, पण आभाळातून पडत नाहीत. राष्ट्राध्यक्ष नाव देतो, सिनेट मंजूर करते, आणि हे दोन्ही मतांवर येतात. ९ फेब्रुवारी २०१६ ला सुप्रीम कोर्टाने वीजकेंद्रांच्या धुरावर मर्यादा घालणारा ओबामांच्या काळातला नियम पाच विरुद्ध चार मतांनी थांबवला. चारच दिवसांनी त्या पाचांतले न्यायमूर्ती स्कालिया वारले. ओबामांनी दुसरं नाव दिलं, सिनेटमधल्या बहुमताने ते विचारातच घेतलं नाही, आणि जागा रिकामी ठेवून सगळे नोव्हेंबरची वाट बघत बसले. ती निवडणूक विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ऐंशी हजारांपेक्षा कमी मतांनी फिरली. एकट्या विस्कॉन्सिनमध्ये फरक २२,७४८ मतांचा. मॅडिसनच्या विद्यापीठात याच्या दुपटीहून जास्त विद्यार्थी शिकतात.

पुढच्या चार वर्षांत ट्रम्प यांनी तीन न्यायाधीश नेमले, आणि जून २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल आला की काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्पष्ट अधिकार दिल्याशिवाय केंद्राच्या पर्यावरण संस्थेला देशाची वीज कोळशावरून दुसरीकडे वळवायला लावता येणार नाही. हे कोर्ट असंच घडावं असं वाटणारे मतदार वर्षानुवर्षं न्यायाधीशांकडे बघून मत देत आलेत. निकाल पटो न पटो, त्यांच्या चिकाटीला मी दाद देते. तुमच्या लेकाला त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

तो बसलाय कुठे, हे मात्र त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे सातही न्यायाधीश जनता निवडते. दहा वर्षांची मुदत, आणि निवडणूक एप्रिलमध्ये, जेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा गाजावाजा नसतो आणि विद्यार्थी परीक्षेच्या नादात असतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्रायन हेगडॉर्न बारा लाख मतांतून ५,९८१ मतांनी निवडून आले. ते उजव्या बाजूचे उमेदवार, मॅडिसनने त्यांच्या विरोधात भरभरून मतं दिली होती. पुढच्याच वर्षी ट्रम्प यांच्या प्रचार मोहिमेने दावा केला की डेन आणि मिलवॉकी या दोन काउंट्यांतली दोन लाखांवर मतं बाद करा. डेन काउंटी म्हणजे मॅडिसनचा जिल्हा. कोर्टाने तो चार विरुद्ध तीनने फेटाळला आणि चौथं मत हेगडॉर्न यांचं होतं. ज्या गावाने त्यांना पाडायला मतं दिली, त्या गावाची मतं त्यांनी वाचवली. न्यायाधीश निवडताना माणूस बघावा, नुसता झेंडा बघू नये, हे मला या प्रकरणाने पटवलं.

त्यानंतर २०२३ च्या एप्रिलमधल्या निवडणुकीत कोर्टाचं पारडं दुसरीकडे झुकलं. विस्कॉन्सिनचे विधानसभेचे मतदारसंघ २०११ पासून असे कातरलेले होते की २०१८ मध्ये एका पक्षाला राज्यभरात निम्म्याहून जास्त मतं पडून ९९ पैकी ३६ जागा मिळाल्या. काही जागांवर समोर उमेदवारच नव्हता हे धरलं तरी हे गणित कुठल्याही शाळेत चुकीचंच ठरेल. देशाच्या सुप्रीम कोर्टाने जून २०१९ मध्ये असल्या कातरकामातून अंग काढून घेतलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या कोर्टाने नकाशे रद्द केले, फेब्रुवारीत नवे झाले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सत्ताधारी पक्ष ६४ वरून ५४ वर आला. बहुमत त्यांचंच राहिलं, पण आता दर निवडणुकीला त्यांना घाम गाळावा लागणार. वीज, पाणी, शेती यांचे कायदे याच सभागृहात होतात. एप्रिलमधलं मत नोव्हेंबरातल्या मताला अर्थ देतं, ते असं.

न्यायाधीशाने मतं मागत फिरायचं ही कल्पना आपल्याला ओंगळ वाटते. मलाही वाटते. २०२५ च्या एप्रिलमधल्या एका जागेसाठी शंभर दशलक्ष डॉलरच्या आसपास पैसा ओतला गेला, इलॉन मस्क यांनी तर ग्रीन बेमध्ये मंचावर दहा-दहा लाख डॉलरचे चेक वाटले. त्यांचा उमेदवार दहा टक्क्यांनी पडला, हे एक समाधान. पद्धत बदलावी असं वाटत असेल तर त्यासाठीही तिथलं विधिमंडळच लागणार. तोवर जागा भरायची राहत नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ, कारण तुमच्या लेकाने खरा प्रश्न तुम्हालाच विचारलाय.

तो ज्या कायद्याबद्दल हळहळतोय तो झाला तुमच्यामुळे. तुमच्यामुळे म्हणजे जॉर्जियामुळे. ५ जानेवारी २०२१ च्या फेरमतदानात जॉर्जियाने दोन्ही सिनेटर बदलले, सिनेट पन्नास-पन्नास झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बरोबरी फोडणाऱ्या उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या एका मताने कायदा ५१ विरुद्ध ५० असा मंजूर झाला. जुलै २०२५ मध्ये तो मोडणारं विधेयक आलं तेव्हाही सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० झालं, या वेळी एकावन्नावं मत उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचं. इलेक्ट्रिक गाडीवरची ७,५०० डॉलरची सवलत त्या सप्टेंबरअखेर गेली, घरावरच्या सौर पॅनेलची ३० टक्क्यांची वर्षअखेर. एकदा एका मताने घडलं, एकदा एका मताने मोडलं. याला तो ‘मतदान निरुपयोगी’ म्हणतो. मी तर याच्या अगदी उलट म्हणेन.

आणि २०२५ चा नोव्हेंबर. तुम्हाला पत्ताच नसलेली ती निवडणूक जॉर्जियाच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनची होती. पाच सदस्यांचं मंडळ. जॉर्जिया पॉवर या वीजकंपनीने कुठलं वीजकेंद्र बांधायचं, कोळसा, गॅस, अणू की सौर, आणि त्याचा खर्च तुमच्या बिलात किती टाकायचा, हे तेच ठरवतं. जॉर्जियातल्याच व्होग्टल वीजकेंद्राच्या दोन नव्या अणुभट्ट्यांचा खर्च फुगत फुगत तीस अब्ज डॉलरच्या पलीकडे गेला. तो बिलात कसा उतरवायचा यावर याच मंडळाने शिक्के मारले. डेटा सेंटरांसाठी नवीन गॅस केंद्रांची मागणी आली, तीही याच टेबलावर. मतदारसंघांवरून कोर्टात वाद चालल्यामुळे या मंडळाच्या निवडणुका काही वर्षं झाल्याच नव्हत्या. २०२५ मध्ये दोन जागांवर मतदान झालं, बहुतेक मतदार घरीच राहिले, आणि जे गेले त्यांनी दोन्ही जागा दुसऱ्या पक्षाकडे फिरवल्या. जवळजवळ वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तुमच्या घरी ऑगस्टचं वीजबिल आलं की मिस्टर कुणाच्या नावाने बोटं मोडतात ते विचारा एकदा. बोटं मोडायचा पत्ता मतपत्रिकेवर छापलेला होता.

वीस वर्षांच्या मुलापेक्षा सासूबाईंना हे पटकन कळेल. ग्रामपंचायतीत दोन-चार मतांनी पडलेले लोक त्यांनी पाहिलेले असणार, आणि समसमान मतं पडली की आपल्याकडे चिठ्ठी टाकतात हेही. अमेरिकेतही टाकतात. २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या एका मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. ४ जानेवारी २०१८ ला रिचमंडमध्ये कॅमेऱ्याच्या रिळाच्या दोन डब्यांत दोघांची नावं घालून एका चिनीमातीच्या भांड्यातून एक डबी काढली. निघालं डेव्हिड यान्सी यांचं नाव, आणि त्यांच्या पक्षाची सभागृहातली सत्ता ५१-४९ अशी टिकली. हरलेल्या शेली सायमन्ड्स २०१९ मध्ये परत उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. सत्ताही बदलली, आणि २०२० मध्ये व्हर्जिनियाने वीज टप्प्याटप्प्याने कार्बनमुक्त करण्याचा कायदा केला. एका मताच्या कमतरतेने सायमन्ड्स यांची दोन वर्षं गेली.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे फोनवरचं भाषण बंद. ‘तू म्हणालास ते बरोबर, मी नोव्हेंबरात गेले नव्हते, आता जाणार आहे’ एवढं कळवा आणि आठवडाभर विषय काढू नका. मग माँटानाचा निकाल पाठवा. पर्यावरण शिकणारा पोरगा तो वाचल्याशिवाय राहणार नाही.

मत कुठे द्यायचं हे त्याला ठरवू द्या. विद्यार्थ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा कॉलेजच्या पत्त्यावर, दोहोंपैकी एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं. जॉर्जियातून टपाली मतपत्रिका मागवायची तर वेळेत अर्ज करावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये एका पत्त्यावर २८ दिवस राहिलं की मतदानाच्या दिवशीही नाव घालता येतं. पत्त्याचा पुरावा आणि चालणारं फोटो ओळखपत्र मात्र हवं. रोजचं विद्यापीठाचं कार्ड या कामाला चालेल असं गृहीत धरू नका. विद्यापीठ मतदानासाठी वेगळं ओळखपत्र फुकट देतं, ते त्याने आधीच काढून ठेवावं. त्याने तरीही नाही म्हटलं तर नाही. वीस वर्षांच्या माणसाला हाताला धरून नेता येत नाही.

जाऊबाईंना स्पष्ट सांगा: ग्रीन कार्डवर मत नाही, नावही घालायचं नाही. लायसन्सच्या कचेरीत अर्ज भरताना ‘नागरिक आहात का’ या चौकटीत चुकून खूण झाली तरी पुढे नागरिकत्व अडकतं, देश सोडायची वेळही येऊ शकते. त्यांना हातभार लावायचाच असेल तर वीजदराच्या सुनावणीत कमिशनपुढे म्हणणं मांडता येतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. बिल तर त्याही भरतातच.

आणि तुम्ही दोघं. आधी जॉर्जियाच्या ‘माय व्होटर पेज’वर नाव चालू आहे का ते बघा, बरेच दिवस मत न दिलेल्यांची नावं यादीतून निघतात. मग सम सालांतल्या मे महिन्याची तारीख कॅलेंडरवर टाका. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीच्या त्याच दिवशी निवडले जातात, त्यामुळे ‘आपण कुठल्या पक्षाचे नाही’ म्हणणारी आपली बरीच मंडळी तिकडे फिरकतच नाहीत. पक्षाची मतपत्रिका घ्यायची नसेल तर केंद्रावर बिनपक्षी मतपत्रिका मागा. ती मिळते, आणि न्यायाधीशांची नावं तिच्यावर असतात.